पाणी पायरीला लागण्याआधी

दूधगंगेचा पूर आमच्या गावात समोरून येत नाही. नदी गावाच्या उत्तरेला आहे, पण पाणी प्रथम शिरते ते मागच्या ओढ्यातून. अनेकदा तेव्हा पावसाने उघडीप दिलेली असते, अंगणात ऊन पडलेले असते आणि ओढ्याचे पाणी मात्र उलट्या दिशेने वर चढत असते. दूधगंगा पुढे कल्लोळजवळ कृष्णेला मिळते आणि तिथे पोहोचेपर्यंत कृष्णेने कोयना, वारणा व पंचगंगा या तिघींचे पाणी पोटात घेतलेले असते. कृष्णा दुथडी भरून वाहू लागली की ती दूधगंगेला वाट देत नाही. मग आमच्या नदीचे पाणी जागेवर तुंबते आणि त्याचा फुगवटा ओढ्यानाल्यांतून मागे सरकत आधी उसात, मग गोठ्यात आणि शेवटी घरात येतो. त्याच सुमारास काळम्मावाडी धरणातून विसर्ग सुरू असेल आणि भोजजवळ मिळणारी वेदगंगाही फुगलेली असेल, तर पाणी उतरायला कितीतरी दिवस लागतात.

हा पूर डोंगरातल्या पुरासारखा अंगावर धावून येत नाही, तो हळूहळू चढतो. त्यामुळे आपल्याला वेळ मिळतो, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील नदीकाठच्या घरांसाठी मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तरीही 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांत आमच्या गल्लीतील बहुतेक कुटुंबे पाणी पायरीला लागल्यावरच बाहेर पडली. मिळालेला वेळ कशात जातो हे मी जवळून पाहिले आहे. ‘अजून बघूया’, ‘मागच्या खेपेला एवढं आलं नव्हतं’, ‘रात्रीत उतरतंय बघा’ अशा बोलण्यात दुपार जाते, संध्याकाळ होते, वीज जाते, आणि मग अंधारात म्हातारी माणसे, लहान मुले व जनावरे एकदम हलवावी लागतात. जुलै 2021 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन वाहतूक थांबली, तेव्हा तर गावातून निघालेल्या माणसांनाही पुढे जायला रस्ता उरला नव्हता. त्या पुरानंतर आमच्या घरात एक गोष्ट पक्की झाली. केव्हा निघायचे हा निर्णय पुराच्या दिवशी घ्यायचाच नाही. तो उन्हाळ्यातच घेऊन ठेवायचा. ती तयारी आम्ही कशी केली आणि जुलै 2024 मध्ये तिच्यातील काय उपयोगी पडले, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी आम्ही खुणा ठरवल्या. ओढ्यावर गावात शिरताना एक मोरी आहे. तिच्या दगडी कठड्याखाली माझ्या पतींनी आणि दिरांनी उन्हाळ्यात ऑइलपेंटने दोन पट्टे ओढले, खाली पिवळा आणि वर तांबडा. कोणता पट्टा किती उंचीवर ओढायचा हे आमच्या सासऱ्यांनी सांगितले. आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. पाणी मोरीच्या कितव्या दगडाला लागले की वरच्या गल्लीचा रस्ता बंद होतो, हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि शाळेच्या भिंतीवर 2005 व 2019 च्या पुराच्या रेषा अजून दिसतात, त्यांच्याशी आम्ही ते ताडून पाहिले. पिवळ्या पट्ट्याला पाणी लागले की बांधाबांध करायची, म्हातारी माणसे, मुले आणि जनावरे हलवायची. तांबड्याला लागले की उरलेल्या सर्वांनी घराला कुलूप लावून निघायचे, मग आभाळ कितीही मोकळे दिसो. तांबडा पट्टा आमच्या उंबऱ्यापेक्षा बराच खाली ठेवला, कारण घरात पाणी येण्याच्या कितीतरी आधी गावाबाहेरचा रस्ता पाण्याखाली जातो. आपण मोजायचे ते रस्त्यावरचे पाणी, घरातले नव्हे. ही गोष्ट पटवायला आमच्या घरातही थोडी बोलाचाली करावी लागली.

मोरीवरची खूण जवळचे सांगते. लांबचे कळायला आकडे लागतात. पावसाळ्यात आम्ही रोज सकाळी राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेत किती क्युसेक पाणी येते आहे आणि दूधगंगेतून किती, हे पाहतो. दूधगंगेचे पाणी सदलग्याजवळ मोजले जाते, आणि या दोन्हींची बेरीज म्हणजे कल्लोळच्या पुढे कृष्णेत वाहणारे पाणी. वृत्तपत्रांत आणि गावच्या व्हॉट्सॲप गटांवर हे आकडे येतच असतात, पण त्यांचा अर्थ लावता आला पाहिजे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी. धरणाचा साठा टीएमसीमध्ये सांगतात, आणि एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटरच्या आसपास. कोयनेची क्षमता 105 टीएमसीहून अधिक आहे, तेव्हा ते धरण भरत आलेले असताना घाटात पाऊस लागून राहिला, तर पुढे काय येणार आहे हे आपल्याला आधीच उमजते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाची अनुक्रमे 40 आणि 45 फूट. या दोन्ही ठिकाणी इशारा पातळी ओलांडली गेली, की आमच्या मोरीखाली पाय न भिजता चालता येत असले तरी आम्ही बांधाबांध सुरू करतो. कृष्णेवर खाली असलेल्या अलमट्टी धरणामुळे आमच्याकडे पाणी तुंबते की नाही, हा वाद दर पावसाळ्यात चहाच्या टपरीवर रंगतो. तो महत्त्वाचा असेलही, पण त्याचा निकाल लागेपर्यंत आपल्या घरातील माणसांनी कोरड्यात पोहोचणे आपल्याच हाती आहे.

आमचे गाव कर्नाटकात असल्याने सरकारी सूचना कन्नडमधून येतात. पंचायतीची रिक्षा लाउडस्पीकर लावून फिरते, मोबाइलवर संदेश येतो, दारावर नोटीस लागते, आणि आमच्या सासूबाईंच्या वयाच्या बायकांना त्यातले फार थोडे कळते. म्हणून नोटीस लागली की गल्लीतल्या शाळकरी मुलींनी ती घरोघरी वाचून मराठीत सांगायची, असे आम्ही ठरवून टाकले. मुलींनी हे काम इतके मनावर घेतले की काळजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांसाठीचा सरकारी निवारा, कोणत्या शाळेत उघडले आहे आणि तिथे जनावरांची सोय आहे की नाही, हेही त्या विचारून येतात. माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर 112, रुग्णवाहिकेसाठी 108, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077 आणि विजेच्या तक्रारीसाठी 1912 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत, आणि त्याखाली नणंदेचा, ट्रॅक्टरवाल्याचा आणि पंचायतीतील ओळखीच्या सदस्याचा क्रमांक आहे. मोबाइलची बॅटरी संपल्यावर कुणाचाच क्रमांक आठवत नाही, हे 2019 मध्ये अख्ख्या गल्लीने अनुभवले होते.

घरातील तयारी मात्र कागदाइतकी सोपी नव्हती. आमचे घर अर्धे सिमेंटचे आणि अर्धे जुन्या मातीच्या भिंतींचे आहे. सिमेंटच्या भागावर स्लॅबखाली एक भक्कम माळा होता, पण तो तुटक्या खुर्च्या, जुनी पिंपे आणि लग्नात आलेल्या न वापरलेल्या भांड्यांनी भरलेला होता. तो रिकामा करून घेतला आणि पावसाळाभर रिकामाच ठेवायचा असा दंडक घातला. जोंधळा, तांदूळ आणि डाळी आता मोठ्या पोत्यांत न ठेवता एका माणसाला उचलता येतील अशा लहान पिशव्यांत आणि झाकणाच्या डब्यांत भरतो, कारण पन्नास किलोचे पोते ऐनवेळी माळ्यावर चढवायला दोन गडी लागतात आणि त्या दिवशी प्रत्येक गडी स्वतःच्या घरात गुंतलेला असतो. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून, टोपण लावून तो खिडकीच्या गजाला दोरीने बांधून ठेवतो. रिकामा किंवा अर्धा सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि वाहताना वाटेत आदळतो. विजेचा मेन स्विच घरात पाणी येण्याआधी, कोरड्या हाताने आणि कोरड्या जमिनीवर उभे राहून बंद करायचा. एकदा पाणी आत आले की स्विचपर्यंत जायचेच नाही. वीज मंडळाकडून ट्रान्सफॉर्मर बंद करून घेणे हाच त्या वेळचा सुरक्षित मार्ग आहे.

कागदपत्रांसाठी तोंड घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्याबाहेर दुसरी पिशवी, एवढीच व्यवस्था आहे. तीत आधार, रेशन कार्ड, बँकेची पासबुके, जमिनीचा उतारा, घरपट्टीची पावती, मुलांचे शाळेचे दाखले आणि म्हशींच्या कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक आहेत. दर मे महिन्यात आम्ही घराच्या प्रत्येक भिंतीचा आतून-बाहेरून फोटो काढतो आणि तो बेळगावात राहणाऱ्या पुतण्याला पाठवून ठेवतो. 2019 च्या पुरानंतर कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घरांसाठी 5 लाख रुपयांपर्यंत मदत जाहीर केली, पण ती पंचनाम्यावर अवलंबून होती. पंचनामा करणारा माणूस येतो तेव्हा समोर चिखल आणि ढिगारा असतो. तिथे आधी काय उभे होते हे दाखवायला फोटोइतका सरळ पुरावा नाही. कागद भिजल्यामुळे आमच्या ओळखीच्या एका विधवा बाईंना एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात महिनोन्महिने फिरावे लागले, ते पाहून मला फार वाईट वाटले होते.

सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्या इन्सुलिन घेतात. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की वापरात असलेली बाटली ऊन न लागणाऱ्या थंड जागी साधारण चार आठवडे चालते, फक्त ती बर्फाला चिकटू द्यायची नाही. म्हणून त्यांच्या पिशवीत औषधांचा किमान दोन आठवड्यांचा साठा, सुया, साखरेचा डबा आणि डॉक्टरांची चिठ्ठी असते. माझ्या पिशवीत विजेरी, चार्ज केलेली पॉवर बँक, मेणबत्त्या, काडेपेटी, सॅनिटरी पॅड, मुलांचे कपडे, चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू, शिवाय प्रत्येकासाठी पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली असते. काळजी केंद्रात जेवण मिळते, परंतु पहिल्या रात्री ते उशिरा मिळते आणि लहान मुलांना तेवढा दम धरवत नाही.

या सगळ्यापेक्षा अवघड प्रश्न म्हशींचा होता. पुरात माणसे घर का सोडत नाहीत, याचे खरे उत्तर बहुतेक वेळा गोठ्यात बांधलेले असते. 2021 मध्ये मामांनी स्पष्ट सांगितले होते, “तुम्ही सगळी जावा, मी हितंच राहतो. जनावर सोडून माणूस कुठं जातंय व्हय?” त्यांच्या बोलण्यात हट्ट नव्हता. ज्या दुधावर घर चालते आणि ज्या जनावराला हाताने वाढवले, ते पाण्यात सोडून निघणे कुणालाच जमत नाही. तेव्हा उपाय एकच होता, जनावरांनी माणसांच्या आधी निघणे. माझ्या नणंदेचे सासर माळावरच्या गावात आहे. त्यांच्या गोठ्यात दोन दावणी वाढवून घ्यायचा खर्च आम्ही दिला आणि तिथे थोडा कडबा उन्हाळ्यातच नेऊन रचला, कारण पाहुण्यांच्या घरी जनावरे पाठवताना वैरण आपली असावी, म्हणजे आठ दिवसांनी कुणाचे तोंड वाकडे होत नाही. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घेतो. ट्रॅक्टरवाल्याशी आधीच बोलून ठेवतो, कारण पिवळ्या पट्ट्याला पाणी लागल्यावर पंचक्रोशीत एकही ट्रॉली मोकळी सापडत नाही. गोठ्याच्या खांबाला एक धारदार विळा कायम टांगलेला आहे. तो फक्त दावे कापायला आहे. एखादे जनावर हलवता आलेच नाही तर ते बांधून तरी ठेवायचे नाही. मोकळी म्हैस पोहून उंचवटा गाठते, बांधलेली दाव्यालाच गुदमरते.

नदीवरच्या मोटारी हा आमच्याकडचा आणखी एक जीवघेणा विषय आहे आणि त्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. दूधगंगेच्या दोन्ही काठांवर उसासाठी पाणी उपसणाऱ्या मोटारी आहेत. पाणी वाढू लागले की त्या काढून वर आणाव्या लागतात, नाहीतर हजारो रुपयांचे नुकसान होते. हे काम बहुतेक वेळा रात्री, घाईत, निसरड्या मळीत आणि वायर कुठे तुटली आहे हे न कळता केले जाते. कुणी शॉक लागून तर कुणी पाय घसरून प्रवाहात जातो. आमच्या शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून आता असे ठरवले आहे की राजापूरचा आकडा वाढू लागला की दिवसाउजेडी, फ्यूज काढून, एकमेकांच्या मोटारी सर्वांनी मिळून वर ओढायच्या. जो काठावर उतरेल त्याच्या कमरेला दोर असेल आणि दोराचे दुसरे टोक झाडाला बांधलेले असेल. संध्याकाळनंतर जी मोटार खाली राहिली ती गेली असे समजायचे. माझ्या दिरांची एक मोटार 2024 मध्ये अशीच पाण्यात राहिली. ती नंतर वाइंडिंग करून घेतली आणि अजून चालते आहे.

त्या वर्षी जूनमध्ये गावच्या शाळेत अग्निशमन दलाच्या जवानांनी गावकऱ्यांना नदीतील बचावाचे प्रशिक्षण दिले. मी महिला बचत गटातर्फे गेले होते. बंधाऱ्याविषयी त्यांनी जे सांगितले ते माझ्या मनात कायमचे बसले. आमच्याकडचे बंधारे कोल्हापूर पद्धतीचे आहेत. पावसाळ्याआधी त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून घेतात आणि खांबांमधल्या दारांतून पाणी जोराने सुटते. त्या दारांकडे ओढला गेलेला माणूस अडकलेल्या फांद्यांत आणि जलपर्णीत रुतून बसतो. पाणी बंधाऱ्यावरून पडत असेल तेव्हा पलीकडच्या बाजूला ते गोल फिरून पुन्हा बंधाऱ्याकडेच येते. वरून तो भाग उथळ आणि फेसाळ दिसतो, पण फेसात हवा मिसळलेली असल्याने अंग नेहमीसारखे तरंगत नाही आणि पट्टीचा पोहणारासुद्धा त्या चक्रातून सुटत नाही. आमची मुले उन्हाळ्यात ज्या बंधाऱ्यावर डुंबत मोठी होतात, तोच बंधारा जून उजाडल्यावर वेगळा होतो, हे त्यांना सांगावे लागते. पाण्याकडे पाहून ते कळत नाही. वाळू उपसल्याने झालेले खड्डेही असेच असतात. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्याएवढ्या पाण्यात जातो.

कुणी बुडताना दिसले तर मागे उडी टाकायची नाही, हे जवानांनी पुन्हा पुन्हा बजावले. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला घट्ट धरतो आणि एकाच्या जागी दोघे जातात. आधी ओरडून माणसे जमवायची, मग काठी, ओढणी, साडी, दोर जे असेल ते त्याच्याकडे टाकायचे, झाकण लावलेला रिकामा कॅन किंवा गाडीच्या ट्यूबला दोर बांधून फेकायचे. त्यांनी आम्हा बायकांकडून तेलाचा पंधरा लिटरचा रिकामा कॅन दोर बांधून फेकण्याचा सराव करून घेतला. कॅनमध्ये तांब्याभर पाणी ठेवले तर तो वाऱ्याने भरकटत नाही आणि नेमका लांब जातो, ही युक्ती त्यातलीच. आता आमच्या धुण्याच्या घाटावर वडाच्या फांदीला असा एक कॅन आणि पुरेसा लांब दोर वर्षभर टांगलेला असतो. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला तो हाताशी असावा म्हणून मंडळाची मुलेच त्याचा दोर तपासतात.

पाण्यातून काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोटावर दाबून पाणी काढणे, मडक्यावर पालथा घालणे हे प्रकार आमच्याकडे अजून होतात आणि त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास चालत नसेल तर डोके थोडे मागे करून, नाक धरून आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग छातीच्या मधोमध 30 दाब व 2 श्वास असे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवायचे. दाब मिनिटाला 100 ते 120 या वेगाने आणि मोठ्या माणसाची छाती साधारण 5 सेंटीमीटर खाली जाईल इतका. रबराच्या पुतळ्यावर हे करताना माझे हात काही क्षणांतच भरून आले, तेव्हा लक्षात आले की हे एकट्याचे काम नाही आणि घरात निदान दोघांना तरी ते यायला हवे. माझी दहावीतली मुलगी ते माझ्याहून चांगले करते.

जुलै 2024 च्या शेवटच्या आठवड्यात चिक्कोडी आणि निपाणी तालुक्यांतील सखल पूल एकामागून एक पाण्याखाली जाऊ लागले. मोरीखालचे पाणी पहाटे पिवळ्या पट्ट्याला लागले आणि मामांनी स्वतः येऊन सांगितले, “लागलं बघा, ट्रॅक्टरला फोन करा.” त्या एका वाक्यावर सगळे कामाला लागले, कारण घरातला वाद आधीच मिटलेला होता. सकाळी म्हशी गेल्या आणि मामा त्यांच्याबरोबर ट्रॉलीत बसून गेले. दुपारी सासूबाई आणि मुले गेली. आम्ही तिघे मागे राहून धान्य माळ्यावर चढवले, गोठ्यातले पत्र्याचे डबे बांधले, सिलिंडर बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तांबड्या पट्ट्याच्या थोडे खाली असतानाच माझ्या पतींनी मेन स्विच पाडला आणि आम्ही निघालो, कारण रात्रीचे आकडे वाढतच होते.

वाटेत लहान पुलावर घोट्याच्या वर पाणी वाहत होते आणि एक दुचाकीवाला तरुण ते ओलांडायच्या बेतात होता. माझ्या दिरांनी त्याला थांबवले. “दादा, गाडी लावा हितं, आमच्या संगट वरल्या रस्त्यानं चला,” एवढेच ते म्हणाले. वाहते पाणी सहा इंच खोल असले तरी उभ्या माणसाचे पाय सुटतात. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फूट पाणी मोठ्या गाड्यांनाही ओढून नेते. शिवाय पाण्याखाली पुलाचा भराव जागेवर आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही. तो तरुण आमच्याबरोबर लांबच्या वाटेने आला. त्यात बराच वेळ गेला, पण तो निमूटपणे आला याचे मला अजून बरे वाटते.

मागे राहिलेल्या काही कुटुंबांना बचाव दलाच्या बोटीतून बाहेर काढावे लागले. 2005 मध्ये आमच्या गल्लीतून माणसे गुळाच्या काहिलीत बसवून काढली होती. गुऱ्हाळावरची ती काळी, रुंद, लोखंडी काहील, तिच्यात मधोमध दाटीवाटीने बसलेली बायका-मुले आणि कडेने कमरेएवढ्या पाण्यात चालत तिला ढकलणारे गडी मी पाहिलेले आहेत. त्या माणसांनी अनेकांचे जीव वाचवले आणि त्यांच्याविषयी गावाला आदर आहे. परंतु काहील गोल असते, तिला नेम नसतो, एक माणूस उठून उभा राहिला तरी ती कलंडते. आता बोट आणि लाइफ जॅकेट मिळत असताना काहील वापरू नये, आणि बोटीत बसताना जॅकेटची बकले लावल्याशिवाय मुलांना उचलून देऊ नये, असे मी बचत गटात आग्रहाने सांगते.

पाणी उतरल्यावरचे दिवस पुराइतकेच सांभाळायचे असतात. भिजलेली मातीची भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरून ऊन पडल्यावर बसते, म्हणून आम्ही सिमेंटच्या भागातच वावरलो आणि जुन्या भिंतीला टेकून काही ठेवले नाही. तिची एक बाजू चौथ्या दिवशी खरोखरच खाली आली. तेव्हा आत कुणी नव्हते. घर साफ करण्याआधी सर्व खोल्यांचे फोटो घेतले. पायात गमबूट, हातात लांब काठी आणि आधी भांड्यांचा आवाज, असे करूनच आत शिरलो, कारण नाग, घोणस आणि मण्यार कोरड्या जागेच्या शोधात कपाटाखाली आणि लाकडांच्या ढिगात बसतात. साप चावलाच तर जखम कापायची नाही, घट्ट आवळायचे नाही, हात किंवा पाय हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्यायचे. सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन तिथे मिळते. भिजलेली वायरिंग वायरमनने तपासेपर्यंत मेन स्विच चालू केला नाही.

पिण्याचे पाणी आठवडाभर उकळूनच घेतले, चांगली उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर. गावची विहीर उपसून, तिच्यात ब्लिचिंग पावडर टाकून, आरोग्य सेविकेने क्लोरीन तपासल्यावरच ती सुरू झाली. कुणाला जुलाब झाले तर लिटरभर उकळलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजायचे, हे बचत गटातल्या प्रत्येकीला आता येते, चमचा चहाचा. पायाला जखम असताना चिखलात उतरलेल्या दोघांना ताप आला, तेव्हा आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शक्यता धरून लगेच औषध सुरू केले आणि दोघेही बरे झाले. पुरानंतरचा ताप अंगावर काढू नये, हे मी त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगते.

गल्लीत एकट्या राहणाऱ्या एका आजींना ऐकू कमी येते, आणि त्यांना हाक मारायची जबाबदारी कुणाची हे 2024 मध्ये ठरलेले नव्हते; शेजारच्या मुलाला आठवण झाली म्हणून त्या निघाल्या. या उन्हाळ्यात आम्ही घरनिहाय यादी केली. पिवळ्या पट्ट्याला पाणी लागले की आजींकडे माझ्या मुलीने जायचे, त्यांची औषधांची पिशवी घ्यायची आणि त्यांना आमच्याच ट्रॉलीत बसवायचे असे त्यांच्यासमोर बसून ठरवले आहे. आजींनी एकच अट घातली, त्यांची शेळीही बरोबर येईल. नणंदेच्या गोठ्यात तिच्यासाठी एक खुंटी ठोकून घेतली आहे.